सिडनी बंदरावरील जपानी छोट्या पाणबुड्यांचा हल्ला (१९४२) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा हल्ला नेमका केव्हा आणि कुठे झाला?

३१ मे १९४२च्या रात्री, रविवार सरून सोमवार उजाडेपर्यंत, ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या बंदरात तीन छोट्या जपानी पाणबुड्यांनी शिरकाव केला. तिघींपैकी एकीला टॉर्पेडो सोडता आले, आणि त्यांपैकी एकाच्या स्फोटाने 'कुट्टाबुल' हे तरंगते निवासजहाज बुडून २१ खलाशी मृत्युमुखी पडले. त्यानंतर आठवडाभराने, ८ जूनच्या मध्यरात्रीनंतर, दोन मोठ्या पाणबुड्यांनी समुद्रातून सिडनी आणि न्यूकॅसल या दोन शहरांवर तोफगोळे डागले. लोकांच्या आठवणीत या दोन्ही घटना एकाच नावाखाली मिसळून गेल्या आहेत, मात्र त्या वेगळ्या आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत.

जपानने सिडनीच का निवडली? ऑस्ट्रेलियावर स्वारी करायची होती का?

स्वारीचा या हल्ल्याशी संबंध नव्हता. ऑस्ट्रेलियात सैन्य उतरवण्याचा विचार जपानी नौदलातल्या काहींनी १९४२च्या सुरुवातीला मांडला होता, पण त्यासाठी लागणारे मनुष्यबळ द्यायला भूदलाने नकार दिला होता. सिडनीवरील हल्ल्याचा हेतू मर्यादित होता : दोस्त राष्ट्रांची, म्हणजे अमेरिका-ब्रिटन गटाची, मोठी युद्धनौका बंदरातच बुडवावी, आणि पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईच्या तोंडावर शत्रूचे लक्ष दुसरीकडे वळवावे. त्याच सुमारास, ३० मे रोजी, मादागास्करमधील दिएगो-सुआरेझ बंदरावरही अशाच छोट्या पाणबुड्यांनी हल्ला करून 'रॅमिलीज' या ब्रिटिश युद्धनौकेचे मोठे नुकसान केले होते. म्हणजे दोन महासागरांतल्या दोन बंदरांवर जवळजवळ एकाच वेळी घाव घालण्याची ही योजना होती, आणि तिच्यातला पश्चिमेकडचा घाव अधिक खोल बसला.

सिडनीच्या मोहिमेत कॅप्टन हान्क्यु सासाकी यांच्या हाताखाली आय-२१, आय-२२, आय-२४, आय-२७ आणि आय-२९ अशा पाच मोठ्या पाणबुड्या होत्या. त्यांपैकी तिघींच्या पाठीवर एकेक छोटी पाणबुडी बांधलेली होती, तर आय-२१ आणि आय-२९ यांच्यावर घडी घालून ठेवता येणारे छोटे तरते विमान होते. आय-२१वरून उडालेले सुसुमु इतो यांचे विमान मे महिन्याच्या अखेरीस पहाटेच्या अंधारात सिडनी बंदरावर घिरट्या घालून गेले. खालून ज्यांनी ते पाहिले त्यांना ते अमेरिकन वाटले. परतल्यावर खवळलेल्या समुद्रात उतरताना विमान उलटले, पण वैमानिक बचावला आणि बंदरात मोठ्या नौका नांगरलेल्या आहेत ही बातमी सासाकींपर्यंत पोहोचली.

'छोटी पाणबुडी' म्हणजे किती छोटी?

लांबी सुमारे २४ मीटर, वजन सुमारे ४६ टन, आत दोन माणसे आणि पुढच्या टोकाला एकावर एक बसवलेले दोन टॉर्पेडो. दोनपैकी एक माणूस पेरिस्कोपला डोळा लावून दिशा आणि नेम सांभाळी, दुसरा झडपा आणि मोटर सांभाळी. पाण्याखाली तिचा वेग १९ नॉटपर्यंत (ताशी सुमारे ३५ किलोमीटर) जात असे, पण सगळी ताकद बॅटरीची होती आणि ती पुन्हा भरून घेण्याची सोय तिच्यावर नव्हती. पूर्ण वेगात धावली तर तासाभरातच बॅटरी बसायची, हळू चालली तर बराच पल्ला गाठायची. बंदराच्या वळणावळणांच्या अरुंद वाटेत, उलट प्रवाहात आणि अंधारात तिला एकाच खोलीवर स्थिर ठेवणे फार अवघड होते. टॉर्पेडो सुटला की पुढचे टोक एकदम हलके होऊन नाक पाण्याबाहेर उसळी घेई.

बंदराच्या तोंडाशी पाणबुडीविरोधी जाळे नव्हते का?

होते, पण अर्धवट होते. जॉर्जेस हेडपासून वॉटसन्स बेपर्यंत पोलादी जाळे बांधायचे काम चालू होते आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ४०० मीटरच्या फटी उघड्याच होत्या. जाळ्याच्या बाहेर समुद्रतळाशी विजेच्या तारांची वेटोळी टाकलेली होती. त्यांच्यावरून लोखंडी वस्तू गेली की किनाऱ्यावरच्या यंत्रात रेघ हलायची. त्या रात्री आठच्या सुमारास ती रेघ हललीसुद्धा. पण बंदरात फेरीबोटींची ये-जा दिवसरात्र चालू असल्याने कागदावर अशा रेघा सतत उमटत असत, म्हणून त्या नोंदीकडे कोणी लक्ष दिले नाही. आमच्या मते त्या रात्रीचा सर्वांत महागात पडलेला क्षण हाच होता : यंत्राने आपले काम केले होते, माणसांना मात्र त्याच्या रेघांची सवय होऊन गेली होती.

मग पाणबुडी आधी कोणी पाहिली?

बंदर मंडळाच्या एका रखवालदाराने. जेम्स कारगिल हे जाळ्याच्या पश्चिम टोकाला रात्रपाळीवर होते. सव्वाआठच्या सुमारास त्यांना जाळ्यात काहीतरी अडकून हलताना दिसले. आधी वाटले कोळ्याची होडी असेल, पण ते वल्हे मारत जवळ गेले तेव्हा ती होडी नव्हती. पाण्याबाहेर डोकावणारा तो पोलादाचा भाग गॅसच्या मोठ्या नळकांड्यांसारखा दिसत होता. त्यांनी 'यारोमा' या गस्ती बोटीला जाऊन सांगितले. बोटीवरच्या अधिकाऱ्याला ही चुंबकी सुरुंगाची भानगड असावी अशी शंका आल्याने जवळ जायचे की नाही यावर बराच वेळ गेला. शेवटी एक खलाशी कारगिल यांच्या छोट्या होडीत बसून जवळ गेला आणि पाणबुडी असल्याचे पक्के झाले, तोवर रात्रीचे दहा वाजून गेले होते.

आत लेफ्टनंट केनशी चुमान आणि ताकेशी ओमोरी हे दोघे होते. पाणबुडी जाळ्यात रुतली होती. पुढेमागे करून सुटण्याचे प्रयत्न संपल्यावर, १० वाजून ३५ मिनिटांनी, त्यांनी स्वतःच आतले स्फोटक पेटवून दिले. स्फोट इतका जोराचा झाला की बंदराच्या दोन्ही काठांवरची घरे हादरली. एकटा रखवालदार वल्ह्यांवर अंधारात जाऊन जी खात्री करून आला, ती खात्री साऱ्या यंत्रणेला दोन तासांत करता आली नव्हती, ही गोष्ट नोंद करून ठेवण्याजोगी आहे.

दुसरी पाणबुडी कशी आत शिरली आणि 'कुट्टाबुल' कशी बुडाली?

कात्सुहिसा बान आणि मामोरु आशिबे यांची पाणबुडी पावणेदहाच्या सुमारास आत शिरली. साडेदहानंतर ती अमेरिकन क्रूझर 'शिकागो'च्या प्रकाशझोतात आली आणि क्रूझरच्या तोफा धडधडू लागल्या. लक्ष्य इतके जवळ होते की मोठ्या तोफांची नळी तेवढी खाली वळतच नव्हती. काही गोळे पाण्यावरून उसळून फोर्ट डेनिसनच्या जुन्या बुरुजाला लागले, त्यांचे तुकडे पलीकडच्या मॉसमन भागातही सापडले. पाणबुडी बुडी मारून गायब झाली.

मध्यरात्र उलटून अर्ध्या तासाने ती पुन्हा वर आली. बंदरातल्या गार्डन आयलंड या नौदल तळावर नव्या सुक्या गोदीचे बांधकाम चालू होते, त्यामुळे तिथले मोठे दिवे रात्रभर जळत असत. त्यांच्या पार्श्वभूमीवर 'शिकागो'ची काळी आकृती पेरिस्कोपात स्पष्ट दिसत होती. दिवे बंद करायचा आदेश अमलात आला तो नेमका टॉर्पेडो सुटायच्या काही मिनिटे आधी, सुमारे १२ वाजून २५ मिनिटांनी. अंधार होताच बान यांचा नेम चुकला. दोन्ही टॉर्पेडो 'शिकागो'ला चुकवून गेले. एक गार्डन आयलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर चढून न फुटता पडून राहिला. दुसरा डच पाणबुडी के-९ आणि तिच्या शेजारच्या 'कुट्टाबुल'च्या तळाखालून जाऊन धक्क्याच्या भिंतीवर आदळून फुटला.

'कुट्टाबुल' ही युद्धनौका नव्हती. १९२२ साली बांधलेली ती सिडनीची फेरीबोट होती. सिडनी हार्बर ब्रिज झाल्यावर तिच्यासारख्या बोटींचे काम कमी झाले आणि युद्धाच्या काळात नौदलाने तिचे तरंगते वसतिगृह केले. बदलीवर आलेले खलाशी तिच्यात झोपत. भाऊच्या धक्क्यावरची रोजची लाँच एक दिवस नौदलाने ताब्यात घ्यावी आणि तिच्यात पोरांना अंथरुणे टाकून द्यावीत, असा तो प्रकार होता. त्या रात्री तिच्यात झोपलेल्यांपैकी २१ जण मरण पावले : १९ ऑस्ट्रेलियाच्या नौदलाचे आणि दोन ब्रिटनच्या नौदलाचे. टॉर्पेडो त्यांच्यासाठी सोडलेला नव्हता.

तिसऱ्या पाणबुडीचे काय झाले?

तिच्यात लेफ्टनंट केइउ मात्सुओ आणि मासाओ त्सुझुकु होते. बंदराच्या मुखाशीच 'यांड्रा' या गस्तीनौकेने तिला हेरून डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपे, टाकली. मात्सुओ जवळजवळ चार तास तळाशी गप्प राहिले आणि पहाटे तीनच्या सुमारास, सगळे बंदर जागे झालेले असताना, पुन्हा आत शिरले. त्याच सुमारास बाहेर पडणाऱ्या 'शिकागो'ने ती पाहिली.

पहाटे टेलर्स बे या छोट्या उपसागरात 'सी मिस्ट', 'स्टेडी आवर' आणि 'यारोमा' या तीन बोटी तिच्या मागे लागल्या. या बोटी मुळात धनिकांच्या सहलीच्या लाँच होत्या, नौदलाने त्या युद्धासाठी घेतल्या होत्या. 'सी मिस्ट'च्या कप्तानाने आदल्याच दिवशी बोटीचा ताबा घेतला होता. पिंपे १५ मीटर खोलीवर फुटतील अशी लावलेली असल्याने ती पाण्यात टाकल्यापासून दूर पळायला त्याच्याकडे जेमतेम पाच सेकंद होते. दुसऱ्या स्फोटात त्याच्या स्वतःच्या बोटीचे एक इंजिन निकामी झाले. सकाळी साडेआठपर्यंत स्फोट चालू राहिले. नंतर पाणबुडे खाली उतरले तेव्हा पाणबुडीची मोटर अजून मंद गतीने चालूच होती, आणि आत दोघांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या होत्या. तिचे टॉर्पेडो जागेवरच होते : पुढच्या टोकाचे संरक्षक लोखंडी कवच वाकल्यामुळे ते सुटूच शकले नव्हते.

त्या रात्री बंदरातले अधिकारी काय करत होते?

सिडनी बंदराचे नौदल प्रमुख रिअर ॲडमिरल मुइरहेड-गूल्ड आपल्या निवासस्थानी 'शिकागो'चे कॅप्टन हॉवर्ड बोडे यांच्यासोबत जेवणाला बसले होते. पाणबुडीची खबर आल्यावरही प्रथम दोघांना ती खरी वाटली नाही. मध्यरात्रीच्या सुमारास ॲडमिरल जाळ्याजवळच्या बोटीवर गेले आणि तिथल्या खलाशांना उपरोधाने प्रश्न विचारू लागले. ते तिथे असतानाच 'कुट्टाबुल'चा स्फोट ऐकू आला. बंदर बंद करायचा आदेश निघाला, पण फेरीबोटी मात्र चालू ठेवण्यात आल्या. फिरणाऱ्या बोटींमुळे पाणबुडी खालीच दबून राहील, असे कारण नंतर सांगण्यात आले. प्रवाशांनी भरलेल्या बोटींना टॉर्पेडोंच्या वाटेत सोडण्याचे ते समर्थन कोणाला पटावे असे वाटत नाही.

त्या रात्री सिडनीत भारताची एखादी नौका होती का?

होती, आणि ही बाब आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. 'बॉम्बे' या नावाची रॉयल इंडियन नेव्हीची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतीय नौदलाची, कॉर्व्हेट (छोटी युद्धनौका) बंदरात उभी होती. ऑस्ट्रेलियात बांधल्या जाणाऱ्या बॅथर्स्ट वर्गातल्या चार नौका भारतासाठी होत्या आणि त्यांतली 'बॉम्बे' सिडनीतच बांधून नुकतीच, एप्रिल १९४२मध्ये, सेवेत दाखल झाली होती. तिची बहीण 'बेंगॉल' त्याच वर्षी नोव्हेंबरात हिंदी महासागरात दोन जपानी सशस्त्र जहाजांशी लढली.

आणखी एक धागा उलट दिशेने जुळतो. सिडनीच्या मोहिमेतली आय-२९ तीच, जिने एप्रिल १९४३मध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन यांना उतरवून घेतले आणि सुमात्राजवळच्या साबांगला पोहोचवले. आपल्या शाळकरी इतिहासात ज्या पाणबुडीचा प्रवास साहस म्हणून येतो, तीच पाणबुडी वर्षभरापूर्वी सिडनीबाहेर, परत न येणाऱ्या सहा माणसांची वाट पाहत थांबली होती.

८ जूनच्या गोळाफेकीत किती नुकसान झाले?

आय-२४ने मध्यरात्रीनंतर सिडनीच्या पूर्व उपनगरांवर काही मिनिटांत दहा गोळे सोडले. लक्ष्य हार्बर ब्रिज होते, पण गोळे रोझ बे, बेलव्यू हिल, वुलाहरा अशा वस्त्यांत पडले. त्यांतला एकच फुटला. हे गोळे जहाजांचे पोलाद भेदण्यासाठी बनवलेले होते, विटांच्या घरातून ते आरपार जाऊन न फुटता पडत. दोन तासांनी आय-२१ने उत्तरेकडच्या न्यूकॅसलवर ३४ गोळे डागले, त्यांतले आठ फक्त उजेड पाडणारे होते. पोलाद कारखाना हे तिथले लक्ष्य होते. फोर्ट स्क्रॅचलीच्या तोफांनी चार गोळे उलट डागले.

या गोळ्यांनी कोणाचाही जीव घेतला नाही. पण पाणबुडीच्या शोधात बँक्सटाउनहून उडालेले अमेरिकन वैमानिक जॉर्ज कँटेलो यांच्या विमानाचे इंजिन बंद पडून ते सिडनीच्या हॅमंडव्हिल भागात कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाची एक बाग तिथे आहे.

शहरावर याचा काय परिणाम झाला?

समुद्रकाठच्या पूर्व उपनगरांतून कित्येक कुटुंबे ब्लू माउंटन्सकडे आणि आतल्या गावांकडे निघून गेली. समुद्र दिसणारी घरे पडत्या भावाने विकली गेली, आणि ज्यांच्याकडे तेव्हा रोकड आणि धीर होता त्यांचे पुढे चांगलेच फावले.

खरा फटका मात्र शहराला बसला नाही, समुद्रावरच्या व्यापाराला बसला. छोट्या पाणबुड्या परत येण्याची वाट पाहून थकल्यावर मोठ्या पाणबुड्यांनी मालवाहू जहाजांची शिकार सुरू केली. ३ जूनला 'आयर्न चीफटन' बुडून १२ जण, आणि ४ जूनला 'आयर्न क्राउन' बुडून तिच्यावरच्या ४३ पैकी ३८ जण मरण पावले. मँगनीजच्या खनिजाने भरलेले हे दुसरे जहाज एका मिनिटात तळाला गेले. त्यामुळे ८ जूनपासून पूर्व किनाऱ्यावर जहाजे ताफ्याने, संरक्षणाखाली नेण्याची पद्धत सुरू करावी लागली. 'कुट्टाबुल'पेक्षा दुपटीहून अधिक माणसे या दोन जहाजांवर गेली, तरी शहरातल्या स्मृतिसमारंभांत त्यांची नावे क्वचितच घेतली जातात. बंदरातला मृत्यू दिसतो, दूर समुद्रातला दिसत नाही. 'आयर्न क्राउन'चे अवशेष थेट २०१९ साली सापडले.

शत्रूच्या खलाशांना लष्करी इतमामात निरोप दिला हे खरे आहे का?

खरे आहे. बाहेर काढलेल्या दोन पाणबुड्यांत चार मृतदेह होते. ९ जून रोजी, म्हणजे शहरावर गोळे पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या शवपेट्यांवर जपानी ध्वज घालून आणि बंदुकांची सलामी देऊन दहन करण्यात आले. हा निर्णय मुइरहेड-गूल्ड यांचा होता. त्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी रेडिओवरून विचारले की, या माणसांनी केलेल्या त्यागाच्या हजाराव्या हिश्शाइतका त्याग करायला आपल्यापैकी किती जण तयार होतील? जपानच्या हाती असलेल्या सुमारे २२,००० ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांना त्यामुळे थोडी बरी वागणूक मिळेल, असा हिशोबही त्यामागे होता. कैद्यांच्या वाट्याला पुढे जे आले ते पाहता हा हिशोब चुकला. हल्ल्याच्या रात्री ज्या अधिकाऱ्याचे निर्णय एकामागून एक उशिरा पडले, त्याच अधिकाऱ्याने हा एक निर्णय मात्र वेळेवर आणि लोकमताविरुद्ध घेतला. तो हिशोबी होता म्हणून त्याचे मोल कमी होते, असे आम्हाला वाटत नाही.

चौघांच्या अस्थी ऑस्ट्रेलियातील जपानचे राजदूत तात्सुओ कावाई यांच्यासोबत, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अदलाबदलीत, त्याच वर्षी ऑक्टोबरात योकोहामाला पोहोचल्या.

बान आणि आशिबे यांची पाणबुडी कुठे गेली?

टॉर्पेडो सोडून ती बंदरातून बाहेर पडली आणि नाहीशी झाली. मोठ्या पाणबुड्या बंदराच्या दक्षिणेला पोर्ट हॅकिंगजवळ थांबणार होत्या, म्हणून शोध घेणारे अनेक वर्षे दक्षिणेलाच पाहत राहिले. नोव्हेंबर २००६मध्ये खोल पाण्यात सूर मारणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटाला ती उत्तरेला, बंगन हेडपासून सुमारे पाच किलोमीटरवर, ५४ मीटर खोलीवर सापडली. तिच्या अंगावर गोळ्यांची भोके होती. ती उत्तरेकडे का वळली, याची उत्तरे तर्काचीच आहेत. मोठ्या पाणबुड्यांपर्यंत माग जाऊ नये म्हणून मुद्दाम, असे काही म्हणतात. बॅटरी संपत आलेली असताना दिशाच चुकली असेल, हेही तितकेच संभवते.

हे अवशेष आता पाहता येतात का?

पाण्याखालची पाणबुडी सहसा पाहता येत नाही. ती संरक्षित आहे, आत दोघांचे अवशेष असल्याचे मानले जाते, आणि तिच्याभोवती परवानगीशिवाय सूर मारायला बंदी आहे. वर काढलेल्या दोन पाणबुड्यांचे भाग जोडून एक अखंड पाणबुडी तयार करण्यात आली, युद्धाच्या काळातच ती गावोगाव फिरवून नौदलाच्या मदतनिधीसाठी पैसे जमवले गेले, आणि ती आज कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये ठेवलेली आहे. गार्डन आयलंडवरील नौदल तळाचे नाव 'कुट्टाबुल' असेच आहे आणि २१ जणांचे स्मरण तिथे दरवर्षी केले जाते.

१९६८ साली लेफ्टनंट मात्सुओ यांची वृद्ध आई सिडनीला आली होती. मुलगा जिथे गेला त्या टेलर्स बेच्या पाण्यावर तिने चेरीची फुले वाहिली. २००७ साली बान आणि आशिबे यांच्या नातेवाइकांना दाखवायला किंवा न्यायला मृतदेह नव्हता, म्हणून पाणबुडीशेजारच्या समुद्रतळाची थोडी वाळू त्यांच्या हाती देण्यात आली.